पारिलेय्यक वनातला हत्ती आणि आपला हत्ती

(भाद्रपद पौर्णिमा, ७ सप्टेंबर २०२५ रोजी विहारातील वर्षावास मालिकेत केलेले भाषण. जसे बोललो तसेच बहुतेक उतरवले आहे.)



आज पौर्णिमा आहे आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. आपल्या आजूबाजूच्या पुष्कळ घरांत दुपारपासून गॅस बंद आहे. आपण मात्र खीर खाऊन बसलो आहोत. म्हणजे माझं भाषण लांबलं तरी कुणी उपाशी राहणार नाही, एवढी सोय समितीने केलेली आहे.

भन्तेजींनी मला विषय दिला, पारिलेय्यक वनातील वर्षावास. मी म्हणालो, भन्तेजी, मी सायझिंग खात्यातला माणूस. शिक्षण नववी, तीही १९८२ च्या संपात अर्धवट राहिली. पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात आणि या विहाराच्या सतरंजीवर. पाली मला येत नाही. ते म्हणाले, "तुम्ही हत्तींजवळ राहून आलात ना? तेच सांगा." तेव्हा आज जे सांगणार आहे ते थोडं वाचलेलं आणि बाकीचं अनुभवलेलं आहे. आणि शेवटी समितीच्या एका ठरावाबद्दल मला बोलायचं आहे. ते अध्यक्षांना ठाऊक आहे, म्हणूनच ते पंख्याखाली बसले आहेत.

पहिल्यांदा कथा. कोसंबीला भिक्खूंमध्ये भांडण झालं. कशावरून? शौचाला गेलेल्या एका भिक्खूने पाण्याच्या भांड्यात उरलेलं पाणी तसंच ठेवलं, एवढ्यावरून. एक म्हणाला दोष झाला, दुसरा म्हणाला नाही झाला. मग दोन तट पडले. तथागतांनी समजावलं, ऐकलं नाही. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या पाण्यावरून जे होतं, त्यापेक्षा हे काही फार वेगळं नाही. शेवटी तथागत पात्र-चीवर घेऊन एकटेच निघाले आणि पारिलेय्यक वनात एका शालवृक्षाखाली राहिले.

त्याच वनात एक हत्ती आला. तोही कळपाला कंटाळलेला. त्याची तक्रार त्रिपिटकात दिलेली आहे, आणि ती वाचताना मला हसू येतं. कोवळा चारा दुसरेच खाऊन जातात, आपल्या वाट्याला शेंडे तुटलेलं गवत. पाण्यावर जावं तर ते आधीच गढूळ केलेलं. आंघोळ करून वर यावं तर बाकीचे अंगाला घासून जातात. सकाळी सातला नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभा राहिलेला कोणीही मनुष्य या हत्तीचं दुःख समजू शकेल.

तर हा हत्ती तथागतांची सेवा करू लागला. झाडाखालची जागा साफ करायचा, सोंडेने पाणी आणायचा. पुढे अट्ठकथेत वानर येतो, मधाचं पोळं आणतो. म्हणून चितगावकडचे बौद्ध आजच्या पौर्णिमेला मधुपौर्णिमा म्हणतात. अट्ठकथेत असंही आहे, की हत्तीने लाकूड घासून विस्तव केला, दगड तापवले आणि ते पाण्यात लोटून तथागतांसाठी पाणी कोमट केलं. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीला पटेल तेच घ्यायला शिकवलं आहे, तेव्हा विस्तवाचा भाग कथाकाराने रंगवलेला आहे असं आपण समजू. पण कोमट पाणी लक्षात ठेवा. मला ते पुढे लागणार आहे.

आता माझं सांगतो.

आपल्या समाजाला हत्ती परका नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची निशाणी हत्ती होती, आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचीही हत्तीच राहिली. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या लेखी मतदान म्हणजे हत्तीवर शिक्का. पक्ष फुटले, गट पडले, निशाण्या बदलल्या, तरी बिचारी मतपत्रिकेवर हत्तीच शोधायची.

१४ एप्रिल १९९१. बाबासाहेबांची जन्मशताब्दी. मी बावीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार, महिन्याचे बारा-पंधरा दिवस भरले तर नशीब. पण जयंतीच्या कामात मी कायम होतो. आम्ही पोरांनी ठरवलं, शताब्दी आहे, मिरवणुकीला हत्ती आणायचा. वर्गणी काढली. हत्ती ठरवायला मीच गेलो होतो, हे मी आज कबूल करतो. त्या काळी मुंबईत रस्त्यावर हत्ती फिरवणारे परप्रांतीय माहूत असायचे. दुकानादुकानापुढे हत्ती उभा करून नाणी मागायची, आणि लग्न-मिरवणूक मिळाली तर करायची. त्यातल्या एकाला भाड्याने ठरवलं.

मिरवणूक निघायला दुपारचा दीड वाजला. एप्रिल महिना, डांबराचा रस्ता, आणि पुढे बँजो. हत्तीवर निळी झूल, तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर. काय ती शान! चौकात आम्ही अर्धा तास थांबलो, पोरं नाचली. आणि हत्तीसुद्धा एक पाय उचलायचा, ठेवायचा, दुसरा उचलायचा, ठेवायचा. आम्ही ओरडलो, बघा, हत्ती नाचतोय! बँजोवाल्याला सांगून तेच गाणं पुन्हा वाजवायला लावलं.

संध्याकाळी मैदानात माहूत त्याच्या पायावर पाणी ओतत होता. आई भाकरीची चवड घेऊन हत्तीला द्यायला आली होती, तिने पहिल्यांदा पाहिलं. मला म्हणाली, "आरं, ह्याच्या पायाला काय झालंय बघ." तळवा सोलवटून निघाला होता आणि त्यात डांबर व खडी रुतून बसली होती. म्हणजे हत्ती नाचत नव्हता. चटका बसत होता म्हणून पाय उचलत होता. माहुताला विचारलं तर तो म्हणाला, "रोज का है भाई, पेट का सवाल है." आईने ती भाकरी हत्तीला दिली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

हे मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही. मिरवणुकीचा फोटो मात्र आमच्या घरात होता.

पुढे २०२० चा लॉकडाऊन आला. आमची गिरणी जी बंद पडली ती पुन्हा चालू झाली नाही. घरी बसलेल्या कामगाराचं काय होतं ते इथे बसलेल्या कित्येकांना माहीत आहे. सकाळी साडेपाचला जाग येते, आणि मग कळत नाही की उठायचं कशाला. अशा दिवसांत, जानेवारी २०२३ मध्ये, माझ्या पुतणीकडे जाण्याचा योग आला. तिचे यजमान गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यात, एका आश्रमशाळेवर शिक्षक आहेत. बल्लारशाला रेल्वेतून उतरायचं, तिथून एसटीने आष्टीवरून आलापल्ली, आणि पुढे सिरोंच्याच्या रस्त्याला रेपनपल्लीवरून आत वळायचं. सागाचं जंगल इतकं दाट, की दुपारी तीनला संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. तिथे कमलापूर नावाचं गाव आहे. त्या गावाशेजारी तळ्याकाठी वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान ओढायला पूर्वी हत्ती लागत, त्यांचीच ही वस्ती. आता ओंडके ओढायचं काम उरलेलं नाही. हत्ती राहिले, त्यांची पिल्लं झाली.

जावई म्हणाले, "काका, दिवसभर घरात काय करता, चला हत्ती दाखवतो." गेलो तर गेटवर पाटी, कॅम्प पर्यटकांसाठी बंद. का? तर चोपिंग चालू आहे. मी दचकलो. आपल्याकडे चोपणं म्हणजे मारणं. हत्तीला चोपतात की काय? मग कळलं. दर वर्षी थंडीत दहा दिवस हत्तींना सुट्टी असते. जंगलातल्या आणि बाजारातल्या जडीबुटींचा मोठा काढा उकळतात आणि त्याने त्यांचे पाय शेकतात. पायांना भेगा पडू नयेत, सांधे मोकळे राहावेत, म्हणून. त्याला तिकडे चोपिंग म्हणतात.

गेटमधून मला दिसत होतं, की एक जण काढा ढवळतोय, आणि काढा बुडाला लागतोय. आता बघा, मी तीस वर्षं सायझिंग खात्यात काढली. सुताला द्यायची कांजी शिजवायची म्हणजे स्टार्चचं पीठ, पाणी, वाफ, सगळं मापात. बुडाला लागली की ताणा तुटलाच म्हणून समजा. वास नाकात आला आणि माझ्याच्याने राहवेना. मी बाहेरूनच ओरडलो, "अहो, जाळ मागं ओढा! आधी बूड खरवडून घ्या!" तो माणूस बघत राहिला. मग तिथले एक वनरक्षक आले, जावयांना ओळखत होते. लाकडं फोडायला माणूस कमीच होता. म्हणाले, या आत, पण हत्तीपासून लांब राहायचं आणि सांगू तेवढंच करायचं. अशा रीतीने आठ दिवस मी तिथे बिनपगारी बदली म्हणून भरलो.

काम काय, तर लाकडं फोडणं, काढ्याखाली जाळ सारखा ठेवणं, शेण उचलणं. हत्तीचं शेण उचलल्याशिवाय हत्ती किती खातो ते कळत नाही. दिवसाला दीड-दोनशे किलो चारा खाणारं जनावर ते. माहुताच्या हाताखाली जो असतो त्याला तिथे चाराकटर म्हणतात, तसं सरकारी पदच आहे. आपल्याकडे खात्यात मुकादमाच्या हाताखाली हेल्पर, तसं. हत्तींना रात्री जंगलात चरायला सोडतात. पायात साखळी असते. पहाटे चाराकटर त्या साखळीच्या फरफटीचा माग काढत जंगलात जातो आणि हत्ती शोधून आणतो. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. दवाने ओल्या पाचोळ्यातून ती साखळीची रेघ गेलेली असते, कुठे बांबू मोडलेला, कुठे सालपटं सोललेली. मग कुठेतरी लांबून साखळी वाजते आणि माहूत हाक मारतो.

साखळीचं मी मुद्दाम सांगतोय. मी तिथे स्वर्ग पाहून आलो असं नाही. तिथेही साखळी आहे, अंकुश आहे. २०२० आणि २०२१ साली तिथली पिल्लं दगावली, वर्तमानपत्रांत आलं होतं. तरी तो जंगलातला हत्ती जंगलाच्या मातीवर चालतो, रात्री स्वतःच्या मनाने झाड निवडतो, आणि आपल्या आई-बहिणींबरोबर असतो. हत्तींमध्ये कळप म्हणजे बायकांचा असतो, म्हातारी हत्तीण सांगेल तसं चालतं. महिला मंडळाने टाळ्या वाजवायला हरकत नाही.

तिथल्या एका म्हाताऱ्या हत्तिणीने मला धडा दिला. तिला नाव होतं, माहूत नावाने हाक मारायचे, पण मी मनात तिला म्हातारीच म्हणायचो. पहिल्या दिवशी मी तिच्या मागच्या बाजूने शेण उचलायला गेलो तर माहूत कडाडला, "मागून जाऊ नका काका! तिले तुमी दिसले पाहिजे." दुसऱ्या दिवशी मी समोरून गेलो आणि सोंडेला हात लावायला पुढे केला. तो म्हणाला, "हात नका लावू. तिले येऊ द्या." मी म्हणालो, आणि नाही आली तर? तो म्हणाला, "तर नाही आली."

मंडळी, हे वाक्य मी फार दिवस डोक्यात घोळवलं. माया करायला आलेल्या माणसाला कुणी असं सांगत नाही. मी लांबून आलोय, मी फुकट राबतोय, मला तिने ओळखलं पाहिजे, असं माझ्या मनात होतंच. चार दिवस तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी जाळ सारत राहिलो. पाचव्या दिवशी मी काढ्यात टाकायचा गूळ फोडत होतो तेव्हा ती मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. एवढं मोठं जनावर, पाय वाजत नाहीत. सोंडेचं टोक माझ्या मानेजवळ आलं, ओलसर, आणि तिने हुंगलं. मग खांद्यावरचा पंचा सोंडेने उचलला, हवेत धरला, आणि हळूच जमिनीवर ठेवून दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी माहुताला म्हणालो, ओळख पटली बघा. तो म्हणाला, "तुमच्या फडक्याले गुळाचा वास हाय."

असो. पण त्या दिवसापासून मी आलो की तिचे कान हलायचे थांबायचे आणि सोंड माझ्या दिशेने वळायची, एवढं मात्र खरं. ते गुळासाठी असेल. माझी तक्रार नाही.

शेवटच्या दोन दिवसांत मला तिचा पाय शेकायला दिला. काढा आधी हातावर घेऊन बघायचा, सोसेल इतकाच गरम. मग त्यात फडकं भिजवून तळव्याला, नखांच्या कडेला, भेगांत दाबायचं. लांबून तो पाय दगडी खांबासारखा दिसतो. हातात घेतल्यावर कळतं, खाली तो गादीसारखा आहे, दाबला की दबतो. हत्ती त्या तळव्याने जमिनीची धडधडसुद्धा ओळखतो असं शास्त्रज्ञ सांगतात. तिने आपलं सगळं वजन तीन पायांवर घेतलं आणि चौथा मला दिला. आणि तिथे माझा हात थांबला. मला चौक दिसला, बँजो ऐकू आला. चौतीस वर्षांपूर्वीची हकिगत आज तुम्हाला सांगतोय ती त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या माहुताला सांगितली. मला वाटलं तो मला शिव्या देईल किंवा जाऊ द्या म्हणेल. तो म्हणाला, "तो हत्ती तर आता तुमाले भेटत नाही. हिचा पाय नीट धरा."

आता परत कथेकडे येतो.

वर्षावास संपला. कोसंबीच्या उपासकांनी भांडखोर भिक्खूंना भिक्षा द्यायचं बंद केलं होतं, त्यामुळे त्यांची डोकी ठिकाणावर आली. (संघाला शिस्त लावली ती उपासकांनी, हे समितीने लक्षात घ्यावं.) आनंद तथागतांना न्यायला वनात आले. तथागत निघाले तेव्हा हत्ती मागोमाग निघाला. आणि गावाच्या सीमेवर तथागत थांबले आणि त्याला म्हणाले, की इथून पुढे माणसांची वस्ती आहे, ती तुझ्यासाठी धोक्याची आहे, तू इथेच थांब.

मी ही गोष्ट आधी दहा वेळा वाचली होती. कमलापूरहून आल्यावर वाचली तेव्हा मला हे वाक्य दिसलं. अहो, अनाथपिंडिकासारखा दाता पाठीशी असताना तथागतांना एक हत्ती जेतवनात ठेवणं अवघड होतं का? केवढी शोभा आली असती! तीन महिने ज्याने सेवा केली त्याला बरोबर न्यायला काय हरकत होती? पण नेला नाही. अट्ठकथा पुढे सांगते, की तथागत दिसेनासे झाल्यावर तो हत्ती दुःखाने तिथेच मेला. हा भाग आपण सांगताना गाळतो. मी गाळणार नाही. ताटातूट हत्तीलाही जीवघेणी असते, हे त्या काळच्या माणसांनी लिहून ठेवलं आहे.

जातकांत मातुपोसक नावाची कथा आहे. आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती वाराणसीचा राजा पकडून आणतो. सजवलेली हत्तीशाळा, उत्तम चारा. हत्ती तोंड लावत नाही. राजा विचारतो, तेव्हा कळतं की जंगलात आई उपाशी आहे. राजा त्याला सोडून देतो. त्या राजाने हत्तीशाळा आणखी चांगली बांधतो असं म्हटलं नाही.

यंदाच्या जुलैमध्ये आपण सगळ्यांनी टीव्हीवर नांदणीची महादेवी, म्हणजे माधुरी हत्तीण पाहिली. शिरोळ तालुक्यातल्या जैन मठात ती १९९२ पासून होती. पायाचे, सांध्यांचे विकार झाले होते. पेटा संस्थेने तक्रार केली, १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात पाठवायचा आदेश दिला, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि तिला नेलं. हत्तिणीचा नीट जगण्याचा हक्क हा माणसांच्या धार्मिक वापराच्या हक्काच्या वरचा आहे, असं उच्च न्यायालयाने धरलं. त्यानंतर ३ ऑगस्टला हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत गेले. मग वनताराने नांदणीजवळच केंद्र उभं करायची तयारी दाखवली.

आपल्या काही तरुणांनी त्या वेळी मोबाईलवर चेष्टा केली, दुसऱ्याच्या धर्माची गंमत म्हणून. मला ते आवडलं नाही. त्या बायका रडत होत्या ते खोटं नव्हतं. ज्या हत्तिणीला तेहतीस वर्षं हाताने भरवलं ती रात्रीत ट्रकमधून जाते, हे सोपं नाही. २०२२ साली कमलापूरचे काही हत्ती जामनगरला न्यायचं निघालं होतं तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनीही विरोध केलाच होता. पण माझ्या हाताला त्या पायाची आठवण आहे. फरशीवर, सिमेंटवर वर्षानुवर्षं उभा राहिलेला हत्तीचा पाय आतून सडतो. २०१४ साली जोतिबाच्या सुंदर हत्तीला न्यायालयाच्या आदेशाने बन्नेरघट्ट्याला नेलं तेव्हाही हीच चर्चा झाली होती. माया खरी आणि पाय सडलेला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. आमच्याही मिरवणुकीत माया होती हो. बाबासाहेबांवरची माया होती, ती काय खोटी होती?

आणि हत्ती म्हणजे निव्वळ भोळं लेकरू, असंही मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. त्याने धानाची शेतं तुडवली, पुढे माणसंही गेली. पुतणीच्या गावाकडचे लोक रात्री पेटते टेंभे घेऊन जागत. ज्याचं वर्षाचं धान गेलं त्याला मी काय करुणा शिकवणार? दुसऱ्याला आपल्यापासून किती लांब ठेवायचं हे दोन्ही बाजूंनी शिकावं लागतं, एवढंच मला तिथे दिसलं.

आपण बसलो आहोत ते सोपारे, म्हणजे शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या बुरुड राजाच्या कोटात स्तूप उकरून काढला, हे आपल्या मुलांना पाठ आहे. त्याच साली इथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आठव्या लेखाचा. मुंबईच्या संग्रहालयात आहे, मी पाहून आलोय. त्या लेखात अशोक काय सांगतो? की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात आणि शिकार करत. मी ते सोडून धम्मयात्रा सुरू केली. म्हणजे यात्रा सोडली नाही, मिरवणूक सोडली नाही. तिच्यात जनावराचा जो वापर होता तो सोडला. आणि दुसऱ्या लेखात तो सांगतो, की माणसांसाठी आणि जनावरांसाठी, दोघांसाठी औषधोपचार केले, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या. बावीसशे वर्षांपूर्वी! मी कमलापूरला जडीबुटी उकळत होतो तेव्हा मला हे आठवलं असतं तर फार बरं झालं असतं. पण खरं सांगतो, तेव्हा फक्त बूड लागू नये एवढंच डोक्यात होतं. अट्ठकथेतल्या हत्तीने तथागतांसाठी पाणी कोमट केलं, आणि आता आम्ही हत्तीसाठी काढा कोमट करतोय, हेही नंतर परतीच्या गाडीत सुचलं.

आता ठरावाचं. आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या मिरवणुकीला हत्ती आणावा असं मागच्या सभेत तरुण मंडळींनी मांडलं. पैसे जमतील, कायद्याने मिळेल का ते बघू, असं बोलणं झालं. पोरांनो, तुमचा उत्साह मी समजू शकतो. तो माझाच आहे, १९९१ चा. पण माझी हात जोडून विनंती आहे, तो ठराव मागे घ्या. हत्ती हवाच असेल तर आपण करू. आपल्यात सुतार आहेत, वेल्डर आहेत, महिला मंडळाकडे शिलाई मशिनी आहेत. बांबूचा सांगाडा, वर कागद आणि कापड, खाली चार चाकं. ओडिशात धौलीला अशोकाच्या लेखावर दगडातून बाहेर निघालेला हत्ती कोरलेला आहे, पुढचा अर्धाच भाग. तो नमुना घेऊ. लहान मुलं दोरीने ओढतील. दुपारी दीडला काढली मिरवणूक तरी त्याला चटका बसणार नाही. त्यावर बाबासाहेबांची तसबीर मी स्वतः बसवीन. आईला दाखवायला ती आता नाही.

आणि ज्याला खरा हत्ती बघायचा आहे त्याने जानेवारीत माझ्याबरोबर यावं. दोघांनी नावं दिलेली आहेत. चोपिंगच्या दिवसांत आत सोडतीलच याची खात्री मी देत नाही. वनखात्याला रीतसर अर्ज करू, नाही म्हणाले तर बाहेर बसून लाकडं फोडून देऊ. सोंडेबरोबर फोटो मिळणार नाही हे आधीच सांगतो. म्हातारी असेल तर मला ओळखेल की नाही, माहीत नाही. सोबत स्वेटर घ्या, तिकडे पहाटे थंडी फार असते. जुने कपडे घ्या, कारण काढ्याचा डाग जात नाही. आणि हो, खांद्यावर पंचा टाकणार असाल तर त्याला गुळाचा हात पुसू नका.

नमो बुद्धाय, जयभीम.